सर्दीची गोळी आणि शेवटची बांधी

गरोदर बाईला सर्दी होत नसते, असं आमच्या घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मला ती झाली तेव्हा घरच्यांना सर्दीपेक्षा माझ्या आगाऊपणाचाच जास्त राग आला.

सातवा महिना होता. धानाची रोवणी उरकलेली, आभाळ रोज भरलेलं, आणि अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या गावात जिकडे पाहावं तिकडे पाणी. माझं नाकही त्याच पाण्यात सामील झालं. सासूबाईंनी, म्हणजे मी ज्यांना आत्याबाई म्हणते त्यांनी, माझ्याभोवती असा पहारा बसवला की गोळी सोडाच, गोळीचं रिकामं पाकीटही माझ्या खोलीत शिरलं नसतं. वास्तविक डॉक्टरीणबाईंनी तपासणीच्या वेळी दोन गोष्टी स्वच्छ सांगितल्या होत्या. ताप आला तर साधी पॅरासिटामॉलची गोळी सांगितलेल्या प्रमाणात घ्यायला हरकत नाही, ताप अंगावर काढू नका. आणि अंगदुखीच्या किंवा सर्दीच्या, दोनतीन औषधं मिसळलेल्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका. यातली दुसरी गोष्ट आत्याबाईंनी पदराला गाठ मारून घरी आणली आणि पहिली दवाखान्याच्या पायरीवरच ठेवून आल्या. मला खरंच ताप भरला तेव्हा मी डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं, तर म्हणाल्या, "तिचं काय जाते सांगाले? लेकरू तिच्या पोटात हाये काय?"

शेवटी नवऱ्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावून तो आत्याबाईंच्या कानाला धरला, तेव्हा कुठे मला एक गोळी मिळाली. तीही देवाच्या प्रसादासारखी, तळहातावर ठेवून, वरून पाण्याचा तांब्या धरून.

माझं माहेर चिचगडचं. तिकडे जंगल जवळ, आणि जंगलातलं सगळं औषधी असतं यावर माझ्या आईची गाढ श्रद्धा. तिचा रोज फोन. शेजारच्या काकूकडून लाल मुंग्यांची चटणी मागवते, एका घासात नाक मोकळं होते, असं तिचं म्हणणं. आत्याबाईंच्या कानावर ते गेलं. त्यांनी मला काहीच म्हटलं नाही, फक्त भाताचा गंज खाली उतरवताना भिंतीला ऐकवलं की आम्ही तलावाची माणसं, आम्ही मासोळी खातो. माझ्या ओटीभरणाचे फोटो अजून आहेत. प्रत्येक फोटोत माझं नाक लालभडक आहे आणि डोळ्यांना पाणी. पाहुण्या बायांना वाटलं, पोरगी आनंदाने रडते आहे.

बाळंतपण माहेरी झालं, मुलगी झाली, आणि ऐन थंडीत मी डोक्याला आणि कानांना रुमाल गुंडाळून, मुलीला दुलईत गुंडाळून, चिचगडहून देवरीमार्गे गाडी करून सासरी आले. संक्रांत तोंडावर होती.

आल्याबरोबर माझ्या लक्षात आलं की पहारा उठला आहे. गरोदरपणात ज्या घरात मला खोकल्याचं साधं चाटणही आत्याबाईंनी वास घेऊन पाहिल्यावरच मिळत होतं, त्या घरात आता कोणी विचारतच नव्हतं. मूल पोटात असेतोवर औषधाची भीती. ते बाहेर आलं की त्याचा आणि आईच्या औषधाचा संबंध संपला, असं सगळ्यांनीच धरलेलं. खोटं कशाला बोलू, मीही. मला तर कैदेतून सुटल्यासारखं वाटत होतं. मी पहिल्याच दिवशी दोन कप चहा प्याले.

पुढची सर्दी नवऱ्याने आणली. आमचे हे शिंकतात तेव्हा गोठ्यातली जनावरं उठून उभी राहतात. तोंडावर हात धरणं त्यांना बायकी वाटतं. त्यांची सर्दी दोन दिवसांत बरी झाली आणि मला लागली ती अशी की डोकं जड, नाक बंद, घसा सुजलेला, आणि कुशीत अडीच महिन्यांची पोर. मी हैराण झाले. पोरीला पाजताना तोंड दुसरीकडे वळवून बसायची, म्हणून मान धरली, ते वेगळंच.

आत्याबाईंनी छातीला आणि पाठीला कापराच्या वासाचा बाम चोळला. म्हणाल्या, घे आता काय घ्यायचं ते औषध, आता कायची भीती, पोट रिकामं झालं. मग नवरा अर्जुनीला बाजाराच्या दिवशी गेला होता तो येताना मेडिकलमधून एक पाकीट घेऊन आला. चकचकीत पाकीट, मोठ्या गोळ्या. सकाळी एक, संध्याकाळी एक.

गोळी म्हणजे काय चीज होती. पहिली त्याच दुपारी घेतली आणि दिवेलागणीला नाक कोरडं ठक्क. डोकं हलकं. मी नवऱ्याची तोंडभरून स्तुती केली, जी मी सहसा करत नाही, आणि ते बिचारे इतके खूश झाले की रात्रीची भांडी त्यांनी स्वतः उचलून मोरीवर ठेवली. त्यात भर म्हणजे पोरगीही शहाण्यासारखी झोपू लागली. एरवी दर थोड्या वेळाने गळा काढणारी, ती दुपारभर झोपली. आत्याबाईंनी शेजारणीला बोलावून दाखवली, किती गुणाची आहे म्हणून.

दोनतीन दिवसांनी पोरीचा गुण संपला. ती छातीला लागायची, दोनचार घोट घ्यायची, आणि तोंड सोडून असा टाहो फोडायची की आत्याबाई स्वयंपाकघरातून धावत यायच्या. आधी मला छाती भरून आली की पोलकं ओलं व्हायचं, दिवसातून दोनदा बदलावं लागायचं. आता पोलकं सकाळचं संध्याकाळपर्यंत कोरडं. दाबून पाहिलं तर थेंब. मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि रडले. घाबरले होते मी. लहान मुलाला भूक लागली आहे आणि आपल्याजवळ द्यायला काही नाही, यासारखं दुसरं भय मला तोवर माहीत नव्हतं.

मग घरात जे सुरू झालं ते सांगायला आता हसू येतं. शेजारीण येऊन पाहून गेली होती, तेव्हा तिचीच दृष्ट लागली, असा आत्याबाईंचा निकाल. स्वतःच हाक मारून बोलावली होती, हे त्या विसरल्या. मीठ-मोहरी आणि सुक्या मिरच्या माझ्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. ठसका लागला, म्हणजे दृष्ट नव्हती, असं माझं शास्त्र. आत्याबाईंचं शास्त्र असं की दृष्ट फारच मोठी होती म्हणून मिरच्यांनी हात टेकले. हळिवाची खीर झाली. जवसाचे लाडू झाले. तलावातल्या बारीक मासोळीचा रस्सा वाटीवर वाटी. चिचगडहून आईचा फोन, की सासरी नीट शेक देत नसतील. तो फोन मी आत्याबाईंपासून लांब जाऊन घेतला. आणि हे सगळं पोटात घालत असताना सकाळी एक, संध्याकाळी एक, ती गोळी चालूच होती. कोणाच्याही मनात आलं नाही. जिने नाक मोकळं केलं तिच्यावर कोण संशय घेईल?

शेवटी आत्याबाईंनी नवऱ्याला दुधाच्या पावडरचा डबा आणायला सांगितलं. तो डबा आणून फळीवर ठेवला, मला दिसेल असा. त्या वाईट मनाने करत नव्हत्या. पोर रडताना त्यांचेही डोळे भरत होते. पण उद्या सकाळपासून डबा सुरू करू, असं त्या म्हणाल्या तेव्हा मला माझा पराभव झाल्यासारखं वाटलं आणि मी त्यांच्यावर खेकसले. सुनेने असं खेकसणं आमच्याकडे चालत नाही. आवाज ओसरीपर्यंत गेला.

ओसरीवर मामाजी बसले होते. माझे सासरे.

मामाजींबद्दल सांगायला हवं. आमच्या सासरच्यांचे पूर्वज तलाव बांधणारे. गावचा तलाव त्यांच्याच कोणा पणजोबा-खापरपणजोबांनी इतरांना सोबत घेऊन बांधला असं सांगतात, आणि पाणी वाटायचं काम अजूनही गाव मामाजींकडेच सोपवतं. त्या दिवसांत उन्हाळी धानाची तयारी सुरू होती, तलावाच्या पाळीतलं पाणी सोडायचं तोंड, ज्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात, ते उघडलेलं होतं, आणि पाट वाहत होते. पाणी सुटलं की भांडणं सुटतात. शेवटच्या बांधीचा, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्याचा, मालक येऊन सांगतो की माझ्या शेतात पाणी आलंच नाही, वरच्याने चोरलं. मामाजी कोणाला चोर म्हणत नाहीत. काठी घेतात आणि कोरड्या बांधीपासून पाटाच्या उलट्या दिशेने चालू लागतात. चालता चालता जिथे पाय ओले होतात, तिथून एक पाऊल मागे अडथळा असतो. कधी पालापाचोळा, कधी वाहून आलेलं पोतं, आणि पुष्कळदा तक्रार करणाऱ्याच्याच गड्याने टाकलेली माती. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: पाणी कुठून अडलं ते मागून पाहा, आधी कुठवर आलं होतं ते पाहा.

दुसरी गोष्ट अशी की मामाजी माझ्याशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. सासरा सुनेशी थेट बोलत नाही, सून सासऱ्यासमोर थांबत नाही. लग्न होऊन मला तिसरं वर्ष लागलं होतं आणि आमचं सगळं बोलणं आत्याबाईंच्या मार्फत. मी पदवीधर, माहेरी वडिलांशी वाद घालणारी. पहिल्या वर्षी मला या प्रकाराचा संताप यायचा. नंतर सवय झाली. मामाजी ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून बसायचे आणि रस्त्याला प्रश्न विचारायचे. आत्याबाई दारात उभ्या राहून तोच प्रश्न मला विचारायच्या. मी उत्तर द्यायची, जे मामाजींना लख्ख ऐकू जायचं, आणि तरी आत्याबाई ते पुन्हा रस्त्याकडे सांगायच्या.

त्या दिवशी माझा आवाज ऐकून मामाजींनी रस्त्याला विचारलं, "लेकरू पोटभर शेवटचं कधी पेलं?"

हा विषय बायांचा. लाजेने की रागाने कोण जाणे, आत्याबाई म्हणाल्या, तुमी यात कायले पडता. मामाजींनी मान न वळवता तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग आत्याबाई दारात आल्या आणि मी आठवून सांगितलं: बाजाराच्या दिवशी सकाळी. त्या सकाळी ती पिऊन तृप्त झोपली होती, ओठांच्या कडेला दूध सुकलेलं, मला पक्कं आठवत होतं.

म्हणजे बाजाराच्या सकाळपर्यंत पाणी येत होतं, मामाजी म्हणाले. आता त्यानंतर काय काय पडलं ते सांगा. आत्याबाईंना वाटलं त्यांच्या स्वयंपाकावर आळ येतो आहे. त्यांनी भात, वरण, लाखोरीची डाळ, डिंकाचे लाडू, सुंठ सगळं मोजून दाखवलं आणि हे सगळं बाजाराच्या आधीपासूनच चालू असल्याचं ठणकावलं. बाम? तोही आधीपासून. शेजारीण? ती नंतर आली, असं आत्याबाई आशेने म्हणाल्या. मामाजी म्हणाले, शेजारीण पोटात नाही गेली. पोटात नवीन काय गेलं?

"गोळी," मी आतूनच म्हणाले. "सर्दीची. बाजाराच्या दिवशी आणलेली."

अंगणात नवरा मोटारसायकल पुसत होता. त्याचा हात थांबला. मला खिडकीतून दिसलं ते.

मामाजींनी प्रथमच रस्त्यावरून नजर काढली आणि मुलाकडे पाहिलं. "तू आणली ना? दुकानात काय सांगून आणली?"

नवरा चाकाच्या तारा पुसू लागला, एकेक करून. सर्दीची चांगली गोळी दे म्हटलं, असं म्हणाला. कोणासाठी म्हणून सांगितलं, हे मामाजींनी विचारलं. मग आमचे हे, ज्यांच्या शिंकेने जनावरं उठतात, ते इतक्या बारीक आवाजात बोलले की मला कान द्यावा लागला.

"माझ्यासाठीच म्हटलं बाबा. दुकानात चार माणसं उभी होती. बाळंतिणीची गोष्ट कशी काढू?"

मेडिकलवाला यांचा शाळेतला दोस्त. त्याच्यासमोर आणि गावच्या चार माणसांसमोर बायकोचं बाळंतपण, अंगावर पाजणं, हे शब्द तोंडातून काढायचे म्हणजे यांना घाम फुटला. दोस्ताने धडधाकट माणसाची सर्दी समजून त्याला जी जोरदार वाटली ती गोळी दिली. त्याची काय चूक? मला इतका राग आला की पोरीला खाली ठेवून मी दारापर्यंत आले, काही तरी जहाल बोलायला. पण मामाजी उभे राहिले होते. त्यांनी खांद्यावर दुपट्टा टाकला, आत्याबाईंकडे हात केला, पाकीट मागितलं, आणि मुलाला म्हणाले, "गाडी काढ."

पुढचं मी पाहिलेलं नाही. नवऱ्याने सांगितलं, आणि त्या दिवसापासून इतक्या लोकांनी सांगितलं की मी तिथे होते असंच मला वाटतं.

संध्याकाळची वेळ, दुकानासमोर गर्दी. आमचे हे मागे रेंगाळत होते. त्यांना वाटलं होतं, बाबा दोस्ताला बाजूला घेतील. मामाजींना मुळात हळू बोलता येत नाही. पाटाच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी सगळ्यांच्या डोक्यांवरून पाकीट पुढे केलं आणि म्हणाले, "आमची सून लेकराले अंगावर पाजते. ही गोळी घेतल्यापासून तिले दूध येऊन नाही राहिलं. यात काय हाये, ते वाचून सांग."

दुकानातले सगळे वळून पाहू लागले म्हणे. ज्या माणसाने लग्नापासून सुनेकडे मान वळवून पाहिलं नाही, त्याने तिच्या दुधाची गोष्ट भर बाजारात काढली. नवऱ्याला रस्ता दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं. दोस्ताचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याने चष्मा लावून पाकीट वाचलं आणि चेहरा उतरला. म्हणाला, काका, ही एक गोळी नाही, तीन औषधं आहेत एकात. एक तापाचं, ते चालतं. एक नाक सुकवणारं, आणि एक असं की ज्याने झोप येते. पाजणाऱ्या बाईला मी ही दिलीच नसती, यानं तर मला स्वतःसाठी म्हणून सांगितलं. बंद करा आणि उद्या डॉक्टरीणबाईंना दाखवा.

आणि मग गर्दीतला एक म्हातारा, ज्याने आपली पुडी केव्हाच खिशात घातली होती, तो ती बाहेर काढून काउंटरवर ठेवत म्हणाला, "मंग हे बी पाहून दे बापा. सुनेसाठीच नेऊन राहिलो होतो." सातवा महिना होता तिला. दोस्ताने ती पुडी परत घेतली आणि दुसरी दिली. हे सांगताना माझा नवरा हसत होता, पण हसता हसता त्याने पोरीला माझ्या हातातून घेतलं, आणि त्यामुळे माझा राग अर्धा तिथेच उतरला. उरलेला अर्धा मी जपून ठेवला आहे, अधूनमधून कामी येतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पोरीचं वजन पाहिलं, ओठ-जीभ पाहिली, दिवसातून किती लंगोट ओले होतात ते विचारलं आणि म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही. नाक सुकवणाऱ्या त्या औषधाने काही बायांचं दूध कमी होतं. झोपेच्या औषधाचा थोडा अंश दुधातून मुलाकडे जातो, मूल सुस्त होतं, ओढत नाही. आणि मुलाने ओढलं नाही की दूध तयार होणंही कमी होतं. गुणाची पोर का झोपत होती ते तेव्हा कळलं. आत्याबाईंनी तिथेच शेजारणीची मनातल्या मनात माफी मागितली असावी, कारण संध्याकाळी तिच्याकडे वाटीभर खीर गेली.

बाकी डॉक्टरीणबाईंचं बोलणं तोफेसारखं. सर्दी झाली म्हणून पाजणं थांबवायचं नाही, तुमच्याच दुधातून पोरीला सर्दीशी लढायची ताकद मिळते. ताप-अंगदुखीला साधं पॅरासिटामॉल. नाक बंद झालं तर मिठाच्या पाण्याचे थेंब आणि वाफ. छातीवरचा बाम आत्ता धुऊन टाका, पोरीचं नाक तिथेच असतं, आणि तिला स्वतःला तर तो अजिबात लावायचा नाही. काढा-मुळ्याही विचारून. हात धुवा, पाजताना तोंडाला रुमाल बांधा. तेव्हा माझ्या कानांवरचा, आत्याबाईंनी बांधलेला रुमाल खाली सरकून तोंडावर आला. हवा लागेल म्हणून आत्याबाई हळूच कुरकुरल्या. डब्याबद्दल मी भीत भीत विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लागलंच तर द्या, त्यात कमीपणा नाही. पण आधी दर वेळी छातीला लावा, पुन्हा पुन्हा लावा, येईल.

आणि शेवटी नवऱ्याकडे वळून म्हणाल्या की कुठल्याही दुकानात, कुठल्याही दवाखान्यात, पहिलं वाक्य हेच, बायको पाजते आहे. आमचे हे खाली पाहत हो म्हणाले. आजकाल ते वाटेतल्या अनोळखी माणसालाही हे वाक्य सांगून टाकतील इतकं त्यांच्या तोंडी बसलं आहे. दोस्ताच्या दुकानात तर कोणी सर्दीचं नाव काढलं की तो आधी विचारतो, "कोणासाठी?" आणि बाप्ये माणसं मान खाली घालून का होईना, सांगतात.

दूध लगेच आलं नाही. गोळी बंद केली, नाक पुन्हा वाहू लागलं, आणि मी एका हाताने नाक पुसत दुसऱ्या हाताने पोरीला छातीला धरून दिवस काढले. ती चिडायची, मी चिडायची. आत्याबाई डब्याकडे पाहायच्या, मी आत्याबाईंकडे पाहायची, आणि त्या दुसरीकडे पाहायच्या. पण एकदाही त्यांनी डब्याला हात लावला नाही. उलट पोर रडू लागली की त्याच येऊन माझ्या पाठीशी उशी लावायच्या आणि म्हणायच्या, लाव, अजून एकदा लाव.

मामाजी रोज तलावावरून परत आले की ओसरीवर बसायचे. काही विचारायचे नाहीत. फक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायचे.

मग एका सकाळी मला जाग आली ती पोलकं ओलं लागल्यामुळे. मी तशीच पडून राहिले, खरं आहे की नाही ते कळेना. पोरगी उठली, छातीला लागली, आणि गटागट आवाज येऊ लागला, घाईघाईने घेताना घशात अडकतो तसा. तिला ठसका लागला. मी तिची पाठ थोपटत हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि या वेळी ते सर्दीचं नव्हतं. आत्याबाईंनी ते पाहिलं आणि फळीवरचा डबा काढून स्वयंपाकघरात नेला. त्या पावडरीचा चहा आम्ही पुढे किती तरी पाहुण्यांना पाजला. सगळ्यांना आवडला.

त्या दिवशी मामाजी ओसरीवर बसले, रस्त्याकडे तोंड करून. पोर माझ्या खांद्यावर झोपलेली. मला ऐकू आलं, ते रस्त्याला विचारत होते, "शेवटच्या बांधीत पाणी पोचलं काय?"

आत्याबाई पदराला हात पुसत दाराकडे निघाल्या. मी त्यांना थांबवलं, स्वतः दारात गेले आणि म्हणाले, "पोचलं मामाजी. बांधी भरली."

आत्याबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. मामाजींनी वळून पाहिलं, आधी माझ्याकडे, मग माझ्या खांद्यावरच्या पोरीच्या उघड्या तोंडाकडे. "बरं झालं बाई," ते मलाच म्हणाले. मग त्यांनी काठी उचलली आणि तलावाकडे गेले. तिकडे अजून बऱ्याच जणांच्या बांधीत पाणी पोचायचं होतं.